कपाळावरचं मऊ टेंगूळ

सर्दी अंगावर काढायची आपली जुनी सवय. बहुतेकांची आठ-दहा दिवसांत उतरतेही. सायनस भरले तरी सहसा मेंदूपर्यंत काही जात नाही. उगाच घाबरू नका. पण घरात वयात आलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर पुढचं नीट वाचा.

कपाळातले सायनस जन्मतः नसतात. ते शाळेच्या वयात आकार घेऊ लागतात आणि किशोरवयात झपाट्याने वाढतात. तेव्हा तिथल्या हाडात शिरांचं जाळं दाट असतं. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त उलटंही वाहू शकतं. त्याच वाटेने जंतू मेंदूच्या आवरणाखाली पोहोचतात आणि पू साचतो. प्रतिकारशक्ती उत्तम असलेल्या, कालपर्यंत मैदानावर पळणाऱ्या मुलांतही हे होतं.

कपाळावर मऊ, दुखरी सूज आली तर ती चावा किंवा मार समजून सोडू नका. 18व्या शतकात लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी तिचं वर्णन केलं होतं. ‘पॉट्स पफी ट्यूमर’ या तिच्या नावात ‘ट्यूमर’ असला तरी तो कर्करोग नव्हे. हाडाला संसर्ग होऊन त्यावर साचलेला पू असतो.

सर्दी उतरतेय असं वाटत असताना ताप उलटला, डोकेदुखी गोळीला दाद देईना, उलट्या सुरू झाल्या, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मूल गुंगीत असेल, बोलणं अडखळत असेल, एका हातातली ताकद गेली असेल किंवा झटका आला असेल, तर एक तासही थांबू नका. ‘हा नेहमीसारखा नाहीये’ हे आईचं वाक्य मी तपासणीइतकंच गंभीरपणे घेतो.

शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये पू सहसा दिसतो. मेंदूवर दाब असेल तर पाठीतलं पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी स्कॅन. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. बहुतेकदा शस्त्रक्रियेने पू काढावा लागतो आणि प्रतिजैविकं अनेक आठवडे चालतात. मेडिकलमधून आणून अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकाने ताप दबतो आणि निदान लांबतं, याची मला फार काळजी वाटते.

मधुमेहींसाठी वेगळा इशारा. 2021मध्ये महाराष्ट्राने सायनसमधूनच पसरणाऱ्या काळ्या बुरशीची लाट पाहिली. साखर वाढलेली असताना गाल बधिर झाला किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर वेळ दवडू नका.

आणि झटका आलेल्या मुलाला तातडीच्या विभागात नेलंत, तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा की दोन आठवड्यांपूर्वी याला सर्दी होती. धावपळीत नेमकं हेच सांगायचं राहून जातं.