घरी बांधलेल्या विमानात बसावं का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ऑरेगन राज्यात असते. तिच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ मोटारीच्या गराजमध्ये सुटे भाग आणून विमान बांधताहेत. विमानाचं शिक्षण न घेतलेल्या माणसाला हे जमतं का? सरकार परवानगी कशी देतं? आणि उद्या त्यांनी आम्हाला एक फेरी मारायला बोलावलं, तर जावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमतं, आणि पुष्कळांना जमलं आहे. ऑरेगन तर या छंदाचं माहेरघरच म्हणायला हवं. किट विमानांच्या, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधायच्या विमानांच्या, धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव, व्हॅन्स एअरक्राफ्ट, त्याच राज्यातल्या ऑरोरा गावचं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अभियंत्याने स्वतःसाठी बांधलेलं एकआसनी ‘आरव्ही-३’ १९७१ साली उडालं. ते पाहून लोक आराखडे मागू लागले, मग सुटे भाग मागू लागले आणि त्यातून कंपनी उभी राहिली. तिच्या किटांपासून बांधलेली ११,००० हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत.

आधी परवानगीचं पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिकेतलं विमान नियमनाचं खातं, म्हणजे एफएए, अशा विमानांना ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात घालतं. अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं असावं, आणि तेही शिकण्यासाठी किंवा विरंगुळा म्हणून. याला बोलीत ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हे टक्के तासांवर किंवा खर्चावर मोजत नाहीत. विमान बांधण्यातल्या कामांची यादी असते आणि त्यातली कोणती कारखान्यात झाली, कोणती घरी, हे पाहिलं जातं. इंजिन तयार घेतलं, रंग बाहेरून मारून घेतला तरी चालतं. पण पैसे मोजून दुसऱ्याकडून अख्खं विमान बांधून घेतलं, तर ते या वर्गात बसत नाही. थोडक्यात, ही सवलत विमानाला नसून शिकणाऱ्याला आहे. म्हणून अशा विमानातून भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. किट एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने मागवतात : आधी शेपटी, मग पंख, मग मधला सांगाडा आणि शेवटी काच, चाकं वगैरे. इंजिन, पंखा आणि कॉकपिटमधली उपकरणं वेगळी घ्यावी लागतात. शेपटी आधी, कारण ती लहान असते. हात तिच्यावर बसतो आणि छंद झेपत नाही हे कळलं, तर पंखांचे पैसे वाचतात.

धातूच्या किटमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे असतात, जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून एखाद्या मिलिमीटरपर्यंत. पूर्वी पत्रे सरळ रेषेत धरायला लाकडी किंवा लोखंडी चौकट उभारावी लागे. आता संगणकाच्या साहाय्याने कारखान्यातच भोकं पाडलेली येतात आणि सगळी भोकं एकमेकांवर बसली, की पंख आपोआप सरळ येतो. पत्रे जुळवून क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चापांनी धरायचे, भोकं नेमक्या मापाची करायची, पुन्हा सगळं सुटं करायचं आणि प्रत्येक भोकाची, प्रत्येक कडेची धार घासून काढायची. हे काम कंटाळवाणं, पण टाळता न येणारं. विमानाचा पत्रा सतत थरथरतो आणि तडा जातो तो बहुधा अशाच राहिलेल्या बारीक धारेपासून.

मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. गोधडीला टाके घालावेत तसे ते ओळीने बसवत जायचं. दोन आसनांच्या विमानाला दहा-पंधरा हजार लागतात. एकजण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो, दुसरा आतून पोलादाचा ठोकळा, म्हणजे बकिंग बार, रिव्हेटच्या शेपटाला लावून ठेवतो. ठोके बसले की शेपूट चेपून चपटं होतं. ते किती रुंद आणि किती उंच असावं याचं माप ठरलेलं असतं. बिघडलं तर ड्रिलने काढून नवा घालायचा. यातलं कुठलंच काम अवघड नाही, शिवाय प्रत्येक काम मोजून तपासता येतं. म्हणूनच सुतार, शिक्षक, दंतवैद्य अशी माणसंही विमान बांधू शकतात. कसोटी लागते ती सातत्याची. अशा विमानाला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. आठवड्याला १० तास दिले, तर तीन-चार वर्षं. खर्च इंजिन-उपकरणांसह आता सहज एक लाख डॉलरच्या पुढे जातो.

मग स्वतःच आराखडा काढून स्वस्तात का बांधू नये? याचं उत्तर १९३०च्या दशकात मिळालं. हेन्री मिन्ये या फ्रेंच माणसाने एक चिमुकलं विमान काढलं, इंग्रजीत ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू. १९३४ साली त्याचं पुस्तक आलं आणि फ्रान्स-ब्रिटनमध्ये ते घरोघरी बांधण्याची साथच आली. मग जीवघेणे अपघात सुरू झाले. वातबोगद्यात तपासल्यावर कळलं, की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की मागेपुढे बसवलेल्या दोन पंखांवरच्या हवेचा परस्परांवर असा परिणाम होतो, की वैमानिकाने काठी कितीही ओढली तरी नाक वर येत नाही. ज्यांनी ते निगुतीने बांधलं होतं, त्यांनाही त्या निगुतीचा उपयोग नव्हता, कारण दोष आराखड्यातच होता. आजच्या चांगल्या किटचं खरं मोल इथे आहे. पत्र्याबरोबर तुम्ही आधी उडवून पारखलेला आराखडा विकत घेता.

बांधकामावर नजर कोणाची? बांधणारा प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवतो, कारण काम आपणच केलं याचा तोच पुरावा. १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे अनुभवी सभासद घरी येऊन काम पाहतात, शक्यतो पंख बंद करण्याआधी, कारण एकदा पत्रा लागला की आतलं दिसत नाही. पूर्ण झाल्यावर सरकारी किंवा सरकारने नेमलेला तपासनीस विमान आणि कागद पाहून प्रमाणपत्र देतो. त्यानंतर ठरवून दिलेल्या, वस्तीपासून दूरच्या भागात चाचणी-उड्डाणं, साधारणपणे २५ ते ४० तास. या काळात प्रवासी नेता येत नाही.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं कोणी केलंय का? कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, आराखडाही त्यांचाच. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. अमेरिकेत नियमांची चाकोरी तयार असल्याने निवृत्त गृहस्थही या वाटेला जातात. इथे विमानाबरोबर वाटही यादवांनाच पाडावी लागली.

आता शेवटचा प्रश्न. घरी बांधलेल्या विमानांना कारखान्यातल्या छोट्या विमानांपेक्षा जास्त अपघात होतात, हे अमेरिकी तपासयंत्रणेच्या २०१२च्या अभ्यासातही आलं आहे. मुख्य कारणं दोन : इंजिनाची शक्ती जाणं आणि वैमानिकाचा ताबा सुटणं. बरेचसे अपघात विमान नवं असताना होतात. तेव्हा बोलावणं आलं तर तीन गोष्टी विचारा. चाचणीचा काळ संपला का आणि नंतर विमान किती तास उडालं? इंजिन विमानासाठी बनवलेलं आहे का, आणि चाचण्यांत इंधनाची काही अडचण आली होती का? शेजारीबुवा स्वतः याच जातीच्या विमानात किती उडाले आहेत? उत्तरं न चिडता, नोंदवही काढून मिळाली, तर माणूस काळजी घेणारा आहे. आत बसताना एक पाटी दिसेल : हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम त्याला लागू होत नाहीत. ती पाटी कायद्याने लावावीच लागते, म्हणून तिने दचकू नका, पण ती औपचारिक समजून दुर्लक्षही करू नका. धोका पत्करायचा की नाही हे ठरवणं सरकारने तिथे तुमच्यावर सोपवलेलं असतं. मन घेत नसेल, तर गराजमध्ये जाऊन बकिंग बार धरा. त्या कामाला दुसरा माणूस नेहमीच हवा असतो. फक्त कानात बोळे घालायला विसरू नका.