कथाबीज कसे मांडावे

"तुझी गोष्ट कशाविषयी आहे?" असे निबंधाच्या तासाला आम्ही विचारले, की चांगली हुशार मुलेही गोंधळतात. ती आरंभापासून सारी हकीकत सांगू लागतात. तास संपतो, पण गोष्ट कशाविषयी आहे ते कळतच नाही. हीच कसोटी पुढे होतकरू लेखकांनाही द्यावी लागते. १९८१ साली रॉबर्ट रेडफर्ड यांनी अमेरिकेत सनडान्स ही संस्था स्थापिली. तेथे निवडक नवे लेखक अनुभवी लेखकांच्या सहवासात आपली पटकथा पुन्हा घडवितात. पुढे अशा कार्यशाळा इतर देशांतही निघाल्या. तेथे प्रवेश मागणाऱ्यास आपले कथाबीज थोडक्या शब्दांत मांडावे लागते.

एक उदाहरण घेऊ. २००७ साली रितेश बत्रा हे मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करावयास निघाले. डबेवाल्यांच्या सहवासात त्यांच्या कानी नाना हकीकती आल्या. माहितीपट मागे पडला आणि एक कथा सुचली. नवऱ्यासाठी धाडलेला डबा चुकून निवृत्तीस आलेल्या एका विधुर कारकुनाकडे जातो, आणि ती उपेक्षित गृहिणी व तो कारकून यांच्यात डब्यातून चिठ्ठ्यांची देवघेव सुरू होते. २०१२ साली रॉटरडॅम येथे या संहितेचा गौरव झाला, इटलीतील तोरिनोच्या कार्यशाळेतही तिच्यावर संस्कार झाले, आणि २०१३ साली 'द लंचबॉक्स' हा चित्रपट कान येथे दाखविला गेला.

आता या कथाबीजात काय काय आहे ते पाहा. माणसे कोण, त्यांना उणीव कशाची आणि त्यांचा नित्यक्रम कोणत्या घटनेने मोडला, हे तिन्ही त्यात आले आहे. "ही एकाकीपणाची गोष्ट आहे" एवढेच म्हटले असते, तर तो केवळ विषय झाला असता. विषय अनेकांचा असू शकतो. चुकलेला डबा मात्र या एकाच गोष्टीचा.

मांडणी करताना आणखी तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. पहिली, शेवट लपवू नये. परीक्षक हा प्रेक्षक नव्हे. गोष्ट कोठे पोहोचते हे त्याला कळलेच पाहिजे. दुसरी, ही गोष्ट आपणच का लिहावी, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. तिसरी, जेथे अडले असेल ते मोकळेपणी सांगावे. सर्व सिद्ध असते, तर कार्यशाळेची गरजच काय?

एका विद्यार्थिनीने आपली वही आमच्यापासून लपविली होती. "सर, सांगितली तर कोणी चोरील," असे ती म्हणाली. ही भीती अगदीच पोकळ नाही. आर. जी. आनंद या नाटककारांनी आपले 'हम हिंदुस्तानी' हे नाटक एका चित्रपट-दिग्दर्शकास ऐकविले होते. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट निघाला, तेव्हा तो आपल्याच नाटकावरून घेतला आहे, अशी त्यांनी फिर्याद केली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. नुसत्या कल्पनेवर वा विषयावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. ती ज्या रीतीने मांडली, त्या मांडणीवर असतो, हे त्या निकालाचे सार होय. तेव्हा गोष्ट सांगण्यापूर्वी ती लिहून काढावी, लिहिल्याची तारीख घालून एक प्रत जपून ठेवावी, आणि मग निर्भयपणे सांगावी. त्या मुलीलाही आम्ही हेच सांगितले. कोठीत कुलूपबंद ठेवलेले बी चोरीस जात नाही हे खरे, पण ते उगवतही नाही.

सुट्टीत प्रत्येकाने एक गोष्ट तीन वाक्यांत लिहावी आणि घरी आईबापांस वाचून दाखवावी. पालकांसही आमची विनंती आहे, की त्यांनी हातचे काम क्षणभर ठेवून ती ऐकावी. ऐकता ऐकता त्यांनी "मग पुढे काय झाले?" असे विचारले, तर बीज जिवंत आहे असे समजावे.