पुदिन्याचे तेल : ऊर्ध्वपातनाचे गणित

उत्तर प्रदेशातील बाराबंकी व आसपासच्या जिल्ह्यांत रब्बी हंगाम आणि पावसाळा यांच्या दरम्यान जपानी पुदिना, म्हणजेच मेंथा, मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. वेदनाशामक मलमे, खोकल्याच्या गोळ्या व टूथपेस्ट यांत वापरले जाणारे मेंथॉल याच्याच तेलातून मिळते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने विकसित केलेल्या ‘कोसी’सारख्या वाणांनी या पिकाला स्थैर्य दिले. तथापि, पानात तयार झालेले सर्व तेल शेतकऱ्याच्या पदरात पडतेच असे नाही.

ताज्या पाल्यात साधारणतः ०.५ ते ०.८ टक्के तेल असते. एक टन पाल्यातून ०.५ टक्के उतारा मिळाल्यास ५ किलो, तर ०.७ टक्के मिळाल्यास ७ किलो तेल हाती येते. मशागत, खत व पाणी यांवरील खर्च दोन्ही वेळी तोच असतो. म्हणून ही तफावत थेट नफ्यातील ठरते.

कापणी : स्वच्छ उन्हाच्या दिवशी कापणी करावी. कापलेला पाला काही तास सुकू दिल्यास त्यातील पाणी घटते, टाकीत अधिक माल मावतो आणि इंधन वाचते. ओला ढीग रचून ठेवल्यास मात्र तो तापतो व कुजू लागतो.

वाफ : मेंथॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २१२ अंश सेल्सिअस असला, तरी वाफेच्या सोबतीने ते १०० अंशांच्या आतच बाहेर पडते. यासाठी वाफ संपूर्ण पाल्यातून सारखी फिरली पाहिजे. पाला विषम भरल्यास वाफ मोकळी वाट शोधते आणि उरलेल्या पाल्यातील तेल तसेच राहते.

वेळ : तेलाचा मोठा भाग आरंभीच उतरतो व पुढे धार क्षीण होते. पावसापूर्वी सर्वांची कापणी एकदमच येत असल्याने टाकीपुढे रांग लागते आणि घाणा लवकर उतरवण्याचा मोह होतो. परंतु अखेरीस येणाऱ्या तेलात मेंथॉलचे प्रमाण अधिक असते. घाई केल्यास वजन व प्रत दोन्ही घटतात. उलट, अकारण लांबवलेल्या घाण्यात इंधन वाया जाते. ठरावीक अंतराने उतरलेल्या तेलाची नोंद ठेवल्यास थांबण्याची योग्य वेळ कळते.

थंडावा : कंडेन्सर अपुरा पडल्यास तेल वाफेबरोबर हवेत निघून जाते. विलगक भांड्यात पाणी कोमट राहिल्यासही तेल नीट वेगळे होत नाही. गंजलेल्या लोखंडामुळे तेलाचा रंग बिघडतो. त्यामुळे स्टेनलेस स्टील महाग असले तरी हितावह ठरते.

ऊर्ध्वपातन संयंत्रासाठी कर्जप्रस्ताव तयार करताना केवळ टाकीची क्षमता पाहणे पुरेसे नाही. कंडेन्सरचा आकार, थंड पाण्याची सोय आणि हंगामात रोज किती घाणे निघतील, याचा हिशेब अर्जदार व शाखाधिकारी यांनी एकत्र बसून मांडावा. कर्जाचे हप्ते अखेर त्या तेलातूनच फेडायचे असतात.