वेलावर पडलेले पीठ : भुरी रोगाची ओळख व उपाय



गेल्या हिवाळ्यात वाडीतील एक मावशी काकडीचे पान पदराच्या टोकात बांधून घेऊन आल्या. "फादर, वेलावर कुणी पीठ शिंपडल्यागत झालंय बघा. यूरिया घातला, दोनदा औषध मारलं, तरी वेल वाळतोच आहे," असे त्या म्हणाल्या. कोणते औषध, असे विचारता त्यांनी रिकामी बाटली पुढे केली. ते किडी मारण्याचे औषध होते. पानावर तर एकही कीड नव्हती. दरम्यान त्या वेलाच्या काकड्या दोन आठवडी बाजारांत विकल्या गेल्या होत्या आणि घरातील मुलांनीही त्या खाल्ल्या होत्या.

पैसा गेला, वेल गेला आणि विनाकारण विष ताटात आले. औषध मारण्यात आळस झाला म्हणून हे घडले नाही. रोग ओळखण्यात चूक झाली म्हणून घडले. यास्तव आजचा पाठ भुरी या रोगावर आहे. हा रोग लवकर ओळखला तर थोड्या खर्चात आवरतो. उशीर झाला तर महाग औषधानेही वाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही.

भुरी म्हणजे काय?

भुरी ही एक बुरशी आहे. भाकरीला येणारी बुरशी मेलेल्या अन्नावर वाढते. भुरीचे तसे नाही. तिला जिवंत झाडच लागते. ती पानावर पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरते आणि पानाच्या वरच्या पेशींत बारीक सोंडा खुपसून रस शोषते. जाळ्यावर बीजांच्या उभ्या माळा तयार होतात. आपल्याला जे पीठ दिसते ते म्हणजे हे तंतू व ही बीजे. वारा सुटला की बीजे उडतात व शेजारच्या पानावर पडतात. हवा मानवली तर पाच ते सात दिवसांत तेथे नवा पांढरा ठिपका उठतो आणि त्यातून पुन्हा हजारो बीजे सुटतात. पहिल्या आठवड्यात दोन पानांवर असलेला रोग तिसऱ्या आठवड्यात साऱ्या वाफ्यावर का दिसतो, याचे उत्तर यात आहे.

भुरीच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीची झाडे ठरलेली असतात. गुलाबाची भुरी वाटाण्यावर जात नाही. वाटाण्याची काकडीवर जात नाही. परंतु काकडी, भोपळा, दोडका ही एकाच कुळातील पिके असल्यामुळे एका वेलावरून दुसऱ्यावर रोग सहज पसरतो. भेंडी, कोथिंबीर, बोर, द्राक्ष, आंब्याचा मोहर तसेच बागेतील जिनिया व डेलिया यांनाही आपापली भुरी येते.

ओळखण्याची बोटाची खूण

पांढरे दिसले की भुरीच, असे समजू नये. पुढील चार गोष्टी तपासून पाहाव्यात.

१. पानावर बोट फिरवावे. पांढरी भुकटी बोटाला लागली तर ती रस्त्याची धूळ असेल किंवा भुरी असेल. पान पुसून त्याला दोरा बांधून ठेवावा. पाचसहा दिवसांत त्याच जागी गोल ठिपके पुन्हा उठले तर भुरी समजावी.

२. लाल भोपळ्याच्या काही वाणांच्या पानांवर शिरांच्या कडेने जन्मतःच पांढुरके चट्टे असतात. ते बोटाने पुसले जात नाहीत. तो रोग नव्हे.

३. केवडा हा रोग निराळा. त्यात काकडीच्या पानाच्या वरच्या बाजूस शिरांमध्ये कोनदार पिवळे डाग पडतात व खालच्या बाजूस करडी बुरशी येते. केवडा ओलाव्यात वाढतो. त्याचे औषधही वेगळे आहे.

४. मिरचीची भुरी फसवी असते. तिची बुरशी पानाच्या आत शिरते. पांढरी भुकटी पानाच्या खालच्या बाजूस असते व वरून नुसते पिवळे डाग दिसतात. मग पाने गळू लागतात. म्हणून मिरचीचे पान नेहमी उलटून पाहावे.

रोग केव्हा येतो?

बहुतेक बुरशीरोगांना पानावर पाणी साचलेले लागते. भुरीला ते लागत नाही. उलट पानावर पाणी फार वेळ राहिले तर तिची बीजे मरतात. म्हणून जोराच्या पावसात भुरी मागे हटते आणि पाऊस सरल्यावर डोके वर काढते. कोरडे, उबदार दिवस, गार रात्री व दमट हवा तिला मानवते. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या महिन्यांत नेमकी अशीच हवा असते. ३५ अंशांवरील उन्हात तिची वाढ खुंटते.

हवेखेरीज दोन कारणे आपल्या हातची असतात. एक, दाटी व सावली. वेल एकमेकांत गुंतले, वारा खेळेना व ऊन आत पोहोचेना, की भुरीला घर मिळते. दुसरे, नत्राचा मारा. यूरिया जास्त झाला की कोवळी, लुसलुशीत पालवी फुटते आणि भुरीला तीच हवी असते. मावशींनी वेल सुधारावा म्हणून यूरिया घातला. खरे तर त्यांनी रोगालाच जेवण वाढले.

गंधकाचा शोध

इंग्लंडमध्ये मार्गेट या गावी टकर नावाच्या माळ्याने १८४५ साली काचघरातील द्राक्षवेलींवर हा रोग पाहिला. त्याने गंधक व चुना वापरून तो आवरला. माइल्स जोसेफ बर्कली यांनी या बुरशीचा अभ्यास करून १८४७ साली तिला त्या माळ्याचेच नाव दिले. बर्कली हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तेच रोगाचे कारण आहे, हे त्यांनी बटाट्याच्या करप्याविषयी १८४६ सालीच मांडले होते. पुढे १८५० नंतर फ्रान्समधील द्राक्षमळे भुरीने खचले तेव्हा गंधकाच्या भुकटीनेच ते सावरले. आजही साध्या भुरीवर पहिले औषध गंधक हेच आहे.

आधीची काळजी

रोपांत योग्य अंतर ठेवावे व वेल मांडवावर चढवावेत. जमिनीलगतची जुनी, रोगट पाने काढावीत. ती बांधावर न टाकता खोल पुरावीत. पीक संपल्यावर वाळके वेल वाफ्यात ठेवू नयेत. नवी काकडी जुन्या रोगट वेलाशेजारी लावू नये. वाटाणा उशिरा पेरला तर ऐन शेंगांच्या वेळी भुरीत सापडतो, म्हणून पेरणी वेळेवर करावी. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेला अर्का अजित हा वाटाण्याचा वाण भुरी व तांबेरा या दोन्ही रोगांना दाद देत नाही. ज्यांच्या वाफ्यात दरवर्षी रोग येतो त्यांनी तो लावून पाहावा.

रोग दिसल्यावर

पहिले ठिपके दिसताच ती पाने खुडावीत व त्याच दिवशी उपाय सुरू करावा.

गंधक : पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. दहाबारा दिवसांनी पुन्हा फवारावे. पुड्यावर पिकानुसार वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. कडक उन्हात, म्हणजे ३२ अंशांवर, गंधक मारू नये, पाने भाजतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारावे. तेलाची फवारणी व गंधक यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. खरबुजासारख्या काही वेलांना गंधक सोसत नाही, म्हणून आधी दोनतीन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहावी.

दूध : परसातील चारसहा वेलांसाठी एक वाटी दूध व नऊ वाट्या पाणी असे मिश्रण आठवड्यातून एकदा फवारावे. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ बेत्तिओल यांनी भोपळावर्गातील पिकावर हा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध केले. रोग नुकताच दिसू लागला असेल तेव्हाच याचा उपयोग होतो.

खाण्याचा सोडा : एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडा व साबणाच्या पाण्याचे काही थेंब. हाही उपाय सुरुवातीचाच आहे. प्रमाण वाढविल्यास पाने करपतात.

रोग फार वाढला तर झाडाच्या आत भिनणारी बुरशीनाशके मिळतात. मात्र ज्या पिकाचे नाव लेबलवर आहे त्याच पिकावर ती वापरावीत आणि तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारू नये; बुरशी त्याला सरावते. घरात डिनोकॅपचा जुना डबा पडला असेल तर तो वापरू नये. पूर्वी भुरीवर ते सर्रास वापरत. २०२३ साली भारतात त्यावर बंदी आली.

भुरी आलेल्या पानांवर कधीकधी लहान पिवळे ढालकिडे फिरताना दिसतात. त्यांतील काही जाती भुरीच खातात. त्यांना मारू नये.

घरच्यांची काळजी

दुकानात नुसते "औषध द्या" असे म्हणू नये. रोगट पान सोबत न्यावे व बुरशीनाशक मागावे. डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व शेवटी हिरवा. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडावे हे माहितीपत्रकात लिहिलेले असते; वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. तेवढे दिवस बाजार चुकला तरी चालेल. आपल्या टोपलीतील काकडी दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या ताटात जाते, याचा विसर पडू नये.

गंधकाने डोळे चुरचुरतात व खोकला येतो. नाकतोंड फडक्याने झाकावे, वाऱ्याकडे पाठ करावी व काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. औषधाची रिकामी बाटली तेल किंवा दूध ठेवण्यास कधीही घेऊ नये.

मावशींनी यंदा काकडी मांडवावर चढविली आहे. दर शनिवारी त्या सकाळच्या उन्हात वाफ्यातून एक फेरी मारतात व पाने उलटून पाहतात. मागच्या महिन्यात तीन पानांवर ठिपके दिसले. त्यांनी पाने खुडली, गंधकाचे दोन हात मारले, आणि रोग तेथेच थांबला. तुम्हीही येत्या शनिवारी आपल्या वाफ्यात अशी एक फेरी मारावी. शंका वाटली तर पान कागदात गुंडाळून घेऊन यावे. आपण मिळून पाहू.