सल्ला देणाऱ्याच्या हातची सत्ता

वाचन: मार्क 10:46–52, 2 करिंथ 1:24

बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या वाटेवर सर्वांना दिसत होते. तरी प्रभूने त्याला काय हवे ते आधी विचारले, मग बरे केले. आपल्या पाठाचा आरंभ येथून करू.

मनाच्या दुखण्याने गांजलेला मनुष्य मानसोपचारतज्ज्ञापुढे बसतो, तेव्हा घरी न बोललेले तो तेथे बोलतो. समोरचा मात्र स्वतःविषयी काही सांगत नाही. एकाचे सारे उघडे, दुसऱ्याचे झाकलेले. वेळ, फी आणि दुखण्याला द्यायचे नाव, सर्व दुसऱ्याच्या हाती. फ्रॉईड या डॉक्टरांनी 1915 साली लिहिले की, रुग्णाला वाटणारी ओढ उपचारातूनच उपजते, ती आपल्या गुणांमुळे आहे असे डॉक्टरने समजू नये आणि तिचा फायदा घेऊ नये. फ्रॉईड धर्म मानणारे नव्हते, तरी हे त्यांचे म्हणणे आपण ऐकण्याजोगे आहे.

आपल्या देशात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा, आपली कागदपत्रे पाहण्याचा व तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. पण मंडळीत सल्ला देणाऱ्या तुम्हांआम्हांवर असे कोण लक्ष ठेवतो?

बरकतपुऱ्यासारख्या वस्तीत तेलुगू-उर्दूच्या गजबजाटात आपल्या मराठीत ऐकून घेणारा भेटला, की दुःखी मनुष्य त्याला धरून राहतो. मग तो म्हणेल ती पूर्व दिशा. “देवाने मला दाखवले आहे” असे सल्लागार म्हणाला, तर त्या बिचाऱ्याने नाही कसे म्हणावे? देवाला नाही म्हटल्यासारखे होते! अशा शब्दावर कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतो, कोणी मारहाणीच्या घरी परत जाते. आणि एकांतात सांगितलेले दुःख बुधवारी प्रार्थनेची विनंती म्हणून सर्वांपुढे येते. ही चहाडीच आहे, फक्त डोळे मिटून केलेली. करिंथची मंडळी पौलाने स्थापिली, तरी त्यांच्या विश्वासावर धनीपण करण्यास तो नकार देतो आणि स्वतःला त्यांच्या आनंदाचा साहाय्यकारी म्हणवतो.

शिक्षकांनी वर्गात मंडळीतली खरी उदाहरणे घेऊ नयेत. ईयोबाचे मित्र घ्यावेत. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले होते. बोलू लागल्यावर काय बिघडले, ते वर्गाला शोधू द्यावे.