जपानी जॅझ-पॉपची ओळख : नवीन गाणी शोधायची कशी?

आज जरा वेगळा पाठ घेऊ या. भाषा येत नसली तरी परदेशातलं संगीत पद्धतशीरपणे कसं शोधायचं, हा आजचा विषय. उदाहरण घेतलंय जपानचं.

थोडी पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत जपानवर अमेरिकी अंमल होता. सैनिकांच्या क्लबांमध्ये वाजवायला जपानी वादक लागत. तिथे अनेकांनी जॅझ आत्मसात केलं. शहरांत 'जॅझ किस्सा' नावाची कॉफीगृहं होती. परदेशी रेकॉर्ड महाग असत, म्हणून एका कप कॉफीवर लोक तासन्‌तास शांतपणे जॅझ ऐकत बसत. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस हेच संस्कार पॉप गाण्यांत उतरले. या शहरी ढंगाच्या गाण्यांना आज 'सिटी पॉप' म्हणतात.

जॅझचा रंग ओळखायचा कसा?

घरात पेटी आहे? मग हा प्रयोग करून बघा. सा, ग, प एकदम दाबा. आवाज सरळ, स्थिर वाटेल. आता त्यातच वरचा शुद्ध नी मिसळा. लगेच काहीतरी हुरहुर लावणारं, अधांतरी ऐकू येईल. अशा चार किंवा जास्त स्वरांच्या कॉर्ड हे जॅझचं एक ठळक लक्षण. सिटी पॉपमध्ये त्या जागोजागी सापडतात.

एका गाण्यापासून साखळी

मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' हे गाणं 1984 च्या 'व्हरायटी' या अल्बममधलं. ते 2017 नंतर यूट्यूबवरून जगभर पोचलं. बहुतेक जण तिथेच थांबतात. आपण मात्र श्रेयनामावली वाचायची. संगीत संयोजक कोण? तात्सुरो यामाशिता, म्हणजे मारियाचे पती. ते आधी कुठे होते? 'शुगर बेब' या बँडमध्ये. त्यात आणखी कोण होतं? ताएको ओनुकी. तिचा 1977 चा 'सनशॉवर' अल्बम लावा. संयोजन र्युइची साकामोतोंचं आणि ड्रमवर अमेरिकेचे क्रिस्टोफर पार्कर! बघा, एका गाण्यावरून आपण कुठे येऊन पोचलो.

नव्या काळाकडे यायचं तर रिंगो शीनाचं 1999 चं 'मारुनोउची सॅडिस्टिक' ऐका. त्यातला कॉर्डचा क्रम इतका गाजला, की जपानमध्ये तो क्रमच त्या गाण्याच्या नावाने ओळखला जातो. हळुवार काही हवं असेल तर 'लॅम्प' हा बँड ऐका. त्यांच्यावर ब्राझीलच्या बोसा नोव्हाचाही प्रभाव आहे.

लक्षात ठेवा

1. जपानी लोक आडनाव आधी लिहितात, म्हणून नाव उलटसुलट करूनही शोधा.
2. नाव जपानी लिपीत कॉपी करून शोधलं तर कितीतरी जास्त सापडतं.
3. गायकाइतकंच संगीतकार आणि वादकांच्या नावांकडे लक्ष द्या.

हे सगळं कशासाठी?

मिकी मात्सुबारा या गायिकेची आई जॅझ गायिका होती. मिकीचं 'मायोनाका नो दोआ' हे पहिलं गाणं 1979 मध्ये आलं. 2020 च्या अखेरीस तेच गाणं जगभरातल्या तरुणांच्या मोबाईलवर वाजू लागलं. पण हे बघायला मिकी नव्हती. 2004 मध्ये, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी ती गेली होती. गाणं टिकलं, कौतुक मात्र उशिरा पोचलं.

म्हणून मोबाईल समोर आणून ठेवेल तेवढंच ऐकू नका. स्वतः शोधा, आणि ज्याने गाणं घडवलं त्याचं नाव माहीत करून घ्या. ऐकणाऱ्याने एवढं तरी करायलाच हवं, नाही का?

स्वाध्याय : मिकीच्या त्या गाण्याचे संगीतकार तेत्सुजी हायाशी. त्यांनी इतर गायकांना दिलेली तीन गाणी शोधा. प्रत्येकात काय सारखं वाटलं ते दोन-दोन ओळींत वहीत लिहा.