भालाफेक आणि वारा

भालाफेक हा केवळ बाहुबळाचा खेळ आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ज्याचा दंड भरदार त्याचा भाला लांब जाणार, असे मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणणे सोपे आहे. मी गेली तीन वर्षे महाविद्यालयाच्या मैदानावर भालाफेकीचा सराव करीत आहे. या काळात मला जे दिसले आणि वाचनातून जे उमगले, त्यावरून ही समजूत अपुरी आहे असे माझे मत झाले आहे. भाला हातातून सुटल्यानंतर सुमारे तीन सेकंद तो हवेच्या स्वाधीन असतो. त्या तीन सेकंदांत काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नियमांकडे पाहू. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम वजनाचा व २.६० ते २.७० मीटर लांबीचा असतो. स्त्रियांचा ६०० ग्रॅम वजनाचा व २.२० ते २.३० मीटर लांबीचा. भाला दोरीच्या मुठीपाशी धरून खांद्यावरूनच फेकला पाहिजे. तो गोफणीसारखा फिरवून भिरकावता येत नाही. जमिनीला प्रथम टोकच लागले पाहिजे. मात्र वाऱ्याबद्दल नियम मौन पाळतात. शंभर मीटर धावणे किंवा लांब उडी यांत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असल्यास विक्रम मान्य होत नाही. भालाफेकीला अशी मर्यादा नाही. म्हणजे वारा हा येथे बाहेरून येणारा व्यत्यय नसून खेळाचाच एक घटक आहे, आणि इतर घटकांप्रमाणे त्याचाही अभ्यास करावा लागतो.

आता थोडे गणित. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना गणिताचे वावडे असते, परंतु एवढे गणित आवश्यक आहे. समजा, एखाद्याने सेकंदाला २५ मीटर वेगाने, जमिनीशी ३५ अंशांचा कोन करून भाला फेकला. वारा पडलेला असेल तर भाल्याला हवा याच ३५ अंशांच्या रेषेतून समोर भेटते. भाल्याचे टोकही त्याच रेषेत असेल तर हवा दांड्याला चाटून सरळ मागे जाते. आता समोरून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा आला असे धरा. भाल्याचा हवेच्या तुलनेतील आडवा वेग वाढतो, उभा वेग तोच राहतो. परिणामी हवा आता ३५ ऐवजी सुमारे २९ अंशांच्या रेषेतून येते. तेवढाच वारा पाठीमागून असेल तर हीच रेषा सुमारे ४३ अंशांची होते. फेकणाऱ्याने काहीही बदल केला नाही तरी पहिल्या प्रसंगी हवा भाल्याच्या पोटावर आदळते आणि दुसऱ्या प्रसंगी पाठीवर बसते. शिवाय हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने समोरच्या वाऱ्यात तो जोर एक तृतीयांशाहून अधिक वाढतो.

या गणिताचा अर्थ मला एका वर्गभगिनीच्या फेकींवरून नीट कळला. एका स्पर्धेच्या दिवशी समोरून जोराचा वारा वाहत होता. कडेला उभे असलेले सगळे तिला ओरडून सांगत होते, "वारा समोर आहे, अजून उंच फेक!" ती प्रत्येक वेळी टोक अधिकच वर उचलत होती. भाला वर चढे, हवेत थबकल्यासारखा होई आणि जवळच उतरे. आपला हातच दुबळा आहे अशी समजूत करून घेऊन तिने पुढे भाला सोडला. वास्तविक तिच्या हातात बळ होते. मिळालेला सल्लाच उलटा होता. समोरच्या वाऱ्यात टोक खाली ठेवून, नेहमीपेक्षा सपाट फेकावे लागते. पाठीमागच्या वाऱ्यात मात्र टोक थोडे उंच ठेवून अधिक उंच फेकणे हिताचे ठरते.

आडवा वारा याहून कठीण. वर घेतलेल्याच वेगाने फेकलेल्या भाल्याला ५ मीटरचा आडवा वारा बाजूने सुमारे १४ अंशांच्या कोनात भेटतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा एक नेहमीचा दोष असा, की कोपर खाली पडले की हात बाहेरून फिरतो आणि टोक उजवीकडे वळते. अशा वेळी वारा डावीकडून असेल तर दांड्याची सबंध डावी बाजू त्याच्यापुढे उघडी पडते. त्यावर उपाय एकच : मूठ खांद्याच्या वर, टोक डोळ्याजवळ आणि कोपर उंच ठेवून हात खांद्यावरूनच पुढे आणणे. भाला वाऱ्याबरोबर सरकणारच, हे गृहीत धरून ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूकडे थोडा नेम धरावा. नाहीतर सुमारे २९ अंशांच्या क्षेत्राबाहेर भाला पडून फेक बाद होते.

भाल्याची घडणही या विचाराशी निगडित आहे. २० जुलै १९८४ रोजी पूर्व जर्मनीच्या उवे होन याने बर्लिनमध्ये १०४.८० मीटर फेक केली. मैदाने अपुरी पडू लागली, आणि भाले आडवे पडत असल्याने टोक आधी लागले की नाही यावर वाद होऊ लागले. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे नेण्यात आला. त्यामुळे टोक लवकर खाली वळू लागले. नव्या भाल्याने यान झेलेझ्नी याने २५ मे १९९६ रोजी येना येथे ९८.४८ मीटर फेक केली. आपल्या नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर फेकीने सुवर्णपदक मिळविले, तेही याच घडणीच्या भाल्याने. थाळीची गोष्ट मात्र निराळी. ती पंखासारखी पसरट असल्याने समोरचा बेताचा वारा तिला उचलून धरतो. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना याने १३ एप्रिल २०२५ रोजी ओक्लाहोमातील रमोना येथे, वाऱ्यासाठी ख्यात असलेल्या मैदानावर, ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम केला. एकच वारा एका साधनाला मित्र आणि दुसऱ्याला शत्रू ठरतो, तो असा.

या सर्वांवरून मी एक निष्कर्ष काढला आहे. वारा कोणाला बळ देत नाही की कोणाचे हिरावून घेत नाही. तो फेकीतला दोष मोठा करून दाखवितो. वारा पडलेला असताना दोन-चार अंशांचा वाकडेपणा खपून जातो. वाऱ्यात तोच मीटरभर, दोन मीटरभर महाग पडतो. म्हणून वारा असेल त्या दिवशी अधिक जोर लावण्याऐवजी अधिक शुद्ध फेकावे. प्रत्येक फेकीसाठी सामान्यतः एक मिनिट मिळते. त्यातले काही क्षण वारा पाहण्यात घालविणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे.

मोठ्या स्पर्धांत वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी लावलेली असते. आपल्या मैदानावर ती नाही. परंतु धावमार्गाशेजारी एक बांबू रोवून त्याला जुन्या धोतराची पट्टी बांधायला खर्च येत नाही. सरावाच्या वहीत प्रत्येक फेकीच्या अंतरापुढे वाऱ्याची दिशाही लिहावी. बांबूच्या भाल्यावर शिकणाऱ्या खेड्यातील मुलामुलींना हे सांगणारे कोणी असेल, तर आपला हात दुबळा आहे असे मानून त्यांच्यापैकी कोणी मैदान सोडणार नाही.